रिजेक्शन वाढलंय? मशीन बघा, गेज बघा, आणि मग गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही कोणाशी कसं बोललात तेही बघा

नवीन सुपरवायझर झालेली पोरं मला कायम एकच प्रश्न विचारतात, सर माणसं ऐकत नाहीत, काय करू? मी उलट विचारतो ऐकत नाहीत म्हणजे नेमकं काय करतात रे? मग हळूहळू बाहेर येतं. सोमवारी खाडे पडतात, शिफ्टचा शेवटचा अर्धा तास मशीनचा आवाज येतो पण ट्रेमध्ये माल दिसत नाही, इन्सर्ट (मशीनच्या टूलला लावायची कापणारी पाती) भराभर संपतात, गेज (पार्टचं माप तपासायचं साधन) नेमकं ऑडिटच्या दिवशी सापडत नाही, आणि नाईटला कुठलंतरी मशीन बंद पडतं आणि मेंटेनन्सवाला येईपर्यंत सगळे चहाला. समोर आलं की मात्र हो साहेब, झालं साहेब. थोडक्यात, पाट्या टाकणं चालू आहे आणि अधूनमधून उट्टंही काढलं जातंय.

मी बावीस वर्षं शॉप फ्लोअरला काढली, सुरुवात भोसरीत, नंतर चाकण, बहुतेक काम गाड्यांना लागणाऱ्या, लेथवर टर्न केलेल्या पार्ट्सचं. त्यात दहाबारा वर्षं माणसं हाताखाली होती. त्यातून जे शिकलो (बरंचसं चुकून शिकलो) ते इथे लिहितोय. हे मुख्यतः कारखान्यातल्या सुपरवायझर, शिफ्ट इन्चार्ज, लाईन लीडर लोकांसाठी आहे. आयटीवाल्यांनी वाचलं तरी चालेल, तुमच्याकडे इन्सर्ट तुटत नाहीत, तुमच्याकडे माउस आपोआप हलवायचं यंत्र लावून माणूस झोपतो, एवढाच फरक.

आधी नीट बघा, नक्की काय चाललंय

सगळं नुकसान सारखं नसतं आणि सगळ्याला एकच औषध नाही. सँड्रा रॉबिन्सन आणि रेबेका बेनेट या दोघींनी १९९५ मध्ये याची एक सोपी मांडणी केली होती, ती मला अजून उपयोगी पडते. दोन प्रश्न विचारायचे. हे किरकोळ आहे की गंभीर? आणि ते कंपनीच्या अंगावर जातंय की माणसाच्या अंगावर? काम मुद्दाम हळू करणं, लवकर हात धुवायला जाणं, हे किरकोळ आणि कंपनीवर. मशीनची वाट लावणं, पितळेचा स्क्रॅप डब्यातून बाहेर नेणं, हे गंभीर आणि कंपनीवर. कान भरणं, एकमेकांच्या चहाड्या हा किरकोळ पण माणसांवर जाणारा प्रकार. आणि मारामारी, धमकी, बाईमाणसाला त्रास देणं हे गंभीर आणि माणसावर.

आता माझा अनुभव असा की साहेबावरचा राग बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात उतरतो, कारण तिथे पुरावा राहत नाही. सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) दोन मिनिटांचा आहे, ऑपरेटरने लोडिंग अनलोडिंगला वीस सेकंद जास्त घेतले, कोण काय बोलणार? दर पार्टला वीस सेकंद म्हणजे आठ तासांत किती होतात ते तुम्हीच हिशोब करा. आणि त्याला विचारलंत तर तो शांतपणे सांगणार साहेब सेफ्टीने काम करतोय.

म्हणून एक साधी वही ठेवा, कंपनीच्या सिस्टीममधली नको, स्वतःची. रोज चारच गोष्टी लिहायच्या: खाडे कोणाचे, टूल किती गेले, शेवटच्या तासाचं प्रॉडक्शन किती, आणि आज आपण कोणाला काय बोललो. ही शेवटची गोष्ट कोणी लिहीत नाही. महिनाभराने वही उघडून बसा, बाकीचे तीन कॉलम कधी बिघडले आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात चौथ्या कॉलममध्ये काय होतं ते बघा. मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा कान गरम झाले होते.

आणि हो, संडासाच्या भिंती वाचत जा. हसू नका. सजेशन बॉक्समध्ये दिवाळी अंकाची वर्गणी सापडेल पण खरं सजेशन भिंतीवर असतं. तुमचं नाव तिथे आलं असेल तर रंग मारायला सांगण्याआधी काय लिहिलंय ते बघून घ्या.

ओरडायची वेळ आली तर

ओरडूच नका असं मी सांगणार नाही, शॉपवर आवाजच एवढा असतो की साधं बोलणंही ओरडूनच होतं. प्रश्न कशावर ओरडता आणि कोणासमोर हा आहे.

आमच्याकडे एक सीनियर ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचो, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. एक दिवस त्यांच्या मशीनचा अख्खा लॉट ओडीमध्ये, म्हणजे बाहेरच्या व्यासात, ओव्हरसाइज निघाला. मी नुकताच मॅनेजरच्या शिव्या खाऊन आलेलो, सरळ लाईनवर गेलो आणि सहासात पोरांसमोर, त्यात दोन ट्रेनी, मामांना म्हणालो की डोळे गेलेत का, जमत नसेल तर घरी बसा. मामा काही बोलले नाहीत. टोपी नीट केली आणि मशीनकडे वळले. मला वाटलं चला, विषय संपला.

पुढचा महिनाभर त्या लाईनला इन्सर्ट जवळजवळ दीडपट गेले. फक्त मामांच्या मशीनवर असं नव्हतं, शेजारच्या दोघांच्याही. प्रॉडक्शन टार्गेटच्या बरोब्बर खाली, दोनचार पार्टने कमी, म्हणजे मेमो देण्याइतकं कमी नाही पण रोज मला वर उत्तर द्यावं लागेल एवढं. आणि नंतर कळलं की तो लॉट गेला त्यात मामांचा दोष नव्हताच, स्नॅप गेजच (बाहेरचा व्यास तपासायचं गेज) घासलं होतं, कॅलिब्रेशनची (गेज बरोबर आहे का ते तपासायची) तारीख होऊन गेली होती, आणि त्या रजिस्टरवर सही माझी असायला हवी होती.

मग मी माफी मागितली. इथे महत्त्वाचं काय, तर ज्या पोरांसमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच मागितली, चहाच्या वेळी. केबिनमध्ये बोलावून हळूच सॉरी म्हणणं म्हणजे अपमान चारचौघांत आणि भरपाई अंधारात, ते चालत नाही. मामा एवढंच म्हणाले, साहेब आधी गेज आणा. बास. दोनतीन आठवड्यांत इन्सर्टचा खप खाली आला. पूर्ण नाही आला, खरं सांगायचं तर थोडा दोष इन्सर्टच्या त्या बॅचचाही होता, पुढची बॅच आल्यावर उरलेला फरक गेला. म्हणजे सगळंच सूड नसतं, आधी मशीन आणि मटेरियल बघायचं ते याचसाठी.

बेनेट टेपर नावाच्या अमेरिकन संशोधकाने २००० साली साहेबाच्या छळवादावर एक पंधरा वाक्यांची यादी केली, कर्मचाऱ्याने आपल्या साहेबाबद्दल भरायची. त्यात मारहाण, शिवीगाळ असलं काही नाही. चारचौघांत कमी लेखतो, जुन्या चुका पुन्हा पुन्हा उकरून काढतो, अबोला धरतो, मेहनतीचं श्रेय देत नाही, स्वतःची लाज राखायला माझ्यावर ढकलतो, दिलेला शब्द पाळत नाही, दुसऱ्याच कशाचा तरी राग माझ्यावर काढतो, असली वाक्यं आहेत. आता प्रामाणिकपणे सांगा, यातल्या किती गोष्टींना आपल्याकडे नुसतं "साहेब जरा कडक आहेत" म्हणतात?

त्यामुळे ओरडण्याचे माझे नियम असे झाले. चूक पार्टवर बोट ठेवून सांगायची, माणसावर नाही, हे मोजमाप बघ, इतकं हवं होतं, इतकं आलंय, कसं झालं सांग. त्याचं पूर्ण ऐकायचं, मधे तोडायचं नाही, कारण निम्म्या वेळा त्याला ती गोष्ट माहीत असते जी तुम्हाला माहीत नाही. वयाने मोठ्या माणसाला तरण्या पोरांसमोर कधीही नाही, अजिबात नाही, त्याला बाजूला घ्या, शक्यतो तुम्ही त्याच्याकडे चालत जा, त्याला केबिनला बोलावू नका कारण केबिनला बोलावलं म्हणजे अख्ख्या लाईनला कळलंच. घरचा, गावचा, जातीचा, शिक्षणाचा उल्लेख चुकूनही नाही. आणि एकदा बोलून झालं की तो विषय त्या दिवशी मेला पाहिजे, पुढच्या महिन्यात अप्रेझलच्या वेळी त्याचं भूत उठवायचं नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप हा नवीन रोग. रात्री अकराला रिजेक्ट पार्टचा फोटो, खाली माणसाला टॅग आणि "हे काय आहे??" असे दोन प्रश्नचिन्ह. तो माणूस घरी बायकोपोरांत बसलाय, ग्रुपवर साठ लोक आहेत, वर प्लँट हेडसुद्धा आहे. लाईनवर सहा जणांसमोर बोलण्यापेक्षा हे दहापट वाईट कारण ते पुसलं जात नाही, स्क्रीनशॉट फिरत राहतो. फोटो टाकायचाच असेल तर पार्ट नंबर आणि डायमेन्शन लिहा, नाव नको. माणसाशी सकाळी बोला.

जाता जाता एक गंमत सांगतो. उत्तर अमेरिकेतल्या काही संशोधकांनी लोकांना त्यांच्या त्रास देणाऱ्या साहेबाची कॉम्प्युटरवरची बाहुली दिली आणि तिला टाचण्या टोचायला सांगितल्या, तर टोचल्यावर लोकांना न्याय मिळाल्यासारखं वाटलं. याला २०१८ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे हसवून मग विचार करायला लावणारं बक्षीस. आमच्याकडे बाहुली नव्हती, इन्सर्ट होते.

वरून शिव्या खाऊन आलात तर

वड्याचं तेल वांग्यावर, ही म्हण मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये शिकवायला पाहिजे. मामांचं जे झालं ते मूळ माझ्या मॅनेजरचं तेल होतं. आणि ते तिथे थांबत नाही, ऑपरेटर हेल्परवर काढतो, हेल्पर ट्रॉलीला लाथ मारतो, नाहीतर घरी जाऊन पोराला.

उपाय अगदी साधा आहे पण करायला जड जातो. मॉर्निंग मीटिंगमधून बाहेर आलात की सरळ लाईनवर जायचं नाही. पाणी प्या, स्टोअरला चक्कर मारा, दहा मिनिटं कुठेही घालवा. आणि मीटिंगमध्ये जे ऐकलं त्यातला फक्त आकडा खाली न्या, शब्द वरच ठेवा. "आज चाळीस पार्ट बॅकलॉग आहे, सहापर्यंत डिस्पॅच जायचंय, कसं करूया?" एवढंच. "वरून माझी फाडली, आता तुमचीही फाटणार" हे वाक्य मी अनेक सुपरवायझरच्या तोंडून ऐकलंय, त्यांना वाटतं आपण मोकळेपणाने बोलतोय, पण समोरच्याला एवढंच कळतं की हा माणूस वरचा धोंडा आपल्या डोक्यावर ठेवणार.

उलटही करून बघा कधीतरी. चूक लाईनची होती आणि मीटिंगमध्ये तुम्ही ती आपल्या अंगावर घेतलीत, तर खाली ते कळतंच, तुम्ही सांगायची गरज नाही, शिपाई सांगतो.

वाईट बातमी गुंडाळून देऊ नका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जेराल्ड ग्रीनबर्ग म्हणून एक संशोधक होता, त्याचा १९९० साली छापून आलेला अभ्यास आहे, प्रत्येक प्लँट हेडने वाचावा असा. अमेरिकेत एकाच कंपनीचे तीन कारखाने, छोटे मेकॅनिकल पार्ट बनवणारे, म्हणजे आपल्यासारखेच. मोठी कॉन्ट्रॅक्ट गेली म्हणून दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी सगळ्यांच्या पगारात १५ टक्के कपात केली, तिसऱ्यात काहीच केलं नाही. आता कपात दोन्हीकडे सारखीच, पण सांगायची पद्धत वेगळी. एका कारखान्यात कंपनीचा वरचा माणूस स्वतः आला, जवळपास दीड तास मीटिंग, आकडे दाखवले, लेऑफ टाळण्यासाठी हे करतोय असं सांगितलं, मनापासून वाईट वाटतंय म्हणाला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत उरकलं, कपात आहे, अमुक दिवसापासून, चला कामाला लागा.

मग मोजलं काय, तर कारखान्यातून होणारी चोरी. दोन्हीकडे वाढली, पण जिथे गुंडाळून सांगितलं तिथे बरीच जास्त वाढली, आणि नोकरी सोडून जाणारेही तिथेच जास्त. जिथे कपात नव्हती तिथे काही फरक नाही. आणि पगार पूर्ववत झाल्यावर चोरी परत खाली आली. माणसं तीच होती हो. पहिल्या कारखान्यात संत आणि दुसऱ्यात चोर भरती केले होते असं नाही.

आता हे आपल्याकडे आणा. दिवाळीचा बोनस. कायद्याने कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २०. समजा गेल्या वर्षी कंपनीने बारा दिला होता आणि यावर्षी ८.३३ वर येणार. हे बहुतेक ठिकाणी कसं कळतं माहितीये? नोटीस बोर्डावर इंग्रजीत एक कागद, धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी, एचआर रजेवर, आणि सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणतो मला काय माहीत वरून आलंय. त्याने त्याच्या बाजूने पोरांबरोबर उभं राहिल्यासारखं केलं, पण पोरांना दिसतं की याला आमच्यासाठी दोन प्रश्न वर विचारायचीही तसदी घ्यावीशी वाटली नाही. मग नोव्हेंबरचं स्क्रॅप बघा.

सुपरवायझरच्या हातात बोनस नसतो हे मान्य. पण सांगणं हातात असतं. नोटीस लागायच्या आधी तुम्हाला कळलं असेल आणि सांगायची परवानगी असेल तर त्याच दिवशी शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांना एकत्र उभं करून मराठीत, आणि लाईनवर यूपी बिहारची पोरं असतील तर हिंदीतही, सांगा. किती कमी, का कमी, कोणाला लागू (साहेब लोकांचंही कमी झालं असेल तर ते आवर्जून सांगा, झालं नसेल तर खोटं बोलू नका, ड्रायव्हरकडून कळतंच), पुढे काय होऊ शकतं. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा आणि गुरुवारपर्यंत विचारून सांगतो म्हणा आणि गुरुवारी खरंच सांगा, उत्तर मिळालं नसेल तरी "विचारलं, अजून उत्तर नाही" एवढं सांगा. मग गप्प उभे राहा. लोक बोलतील, एखादा वाकडं बोलेल. बोलू द्या. तोंडाने निघालं तर हाताने कमी निघतं.

हेच ओव्हरटाइमला (ओटीला), हेच सुट्टी रद्द करताना, हेच शिफ्ट बदलताना. गणपतीत रजा नाकारायची असेल तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी कोकणातल्या सगळ्या पोरांना बसवून पाळी ठरवा, यावर्षी कोण जाणार पुढच्या वर्षी कोण, आणि कागदावर लिहून लाईनवर लावा. नाही तर काय होतं ते सांगायला नको, आजी दरवर्षी वारते.

आपली माणसं आणि बाकीची माणसं

१९७० च्या दशकात जॉर्ज ग्रेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की साहेब सगळ्यांशी सारखा वागतच नाही, प्रत्येकाशी वेगळं नातं होतं, आणि लवकरच काही जण आतल्या गोटात जातात, बाकीचे बाहेर राहतात. आतल्याला चांगलं मशीन, आधी माहिती, रजा पटकन. बाहेरच्याला फक्त नोकरीच्या नियमाएवढं. आपल्याकडे हे सांगायला अमेरिकन लागत नाही, कोण चमचा आहे हे हेल्परला पहिल्या आठवड्यात कळतं.

आतला गोट पूर्ण मोडता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला, शेवटी रात्री दोन वाजता मशीन अडकलं की तुम्ही ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच फोन करणार. पण दोन गोष्टी करता येतात. एक, वाटायच्या गोष्टी म्हणजे ओटी, रजा, चांगलं मशीन, पहिली शिफ्ट, या विश्वासावर वाटायच्या नाहीत, पाळीने वाटायच्या, यादी सगळ्यांना दिसेल अशी. ओटीचे पैसे दुप्पट मिळतात, कोणाच्या घराचा हप्ता त्यावर चालतो, तिथे मेहरबानी दाखवलीत की जो वंचित राहिला त्याचं डोकं फिरणारच. दोन, बाहेरच्यातल्या एकाशी रोज पाच मिनिटं बोला, कामाचंच बोला, मशीन कसं चालतंय, काय बदललं तर सोपं होईल. आलटून पालटून. महिन्यात सगळी लाईन होते.

कंत्राटी पोरं हा सगळ्यात बाहेरचा गोट. ड्रेसचा रंग वेगळा, काही ठिकाणी कँटीनचं ताटसुद्धा वेगळं, आणि नाव कोणाला माहीत नाही, "ए कॉन्ट्रॅक्ट" अशी हाक. मग दहा तारखेला पगार हातात पडला की पोरगं अकरा तारखेला गायब, फोन बंद, लाईन उभी, आणि आपण म्हणायचं आजकालच्या पोरांना जबाबदारी नाही. तुम्ही त्याला नाव दिलं होतं का? नाव विचारा, पाठ करा, सेफ्टी शूज फाटले असतील तर ठेकेदाराच्या मागे तुम्ही लागा. माझ्या वहीत तरी ज्या महिन्यात मी हे केलं त्या महिन्यात जाणारी पोरं आधी सांगून गेली.

आता एक उलटी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. नातं फार चांगलं झालं तरी नुकसान होतं.

माझ्या आतल्या गोटात एक लाईन इन्स्पेक्टर होता, पोरगा हिऱ्यासारखा, माझ्यासाठी काहीही करेल असा. एकदा महिनाअखेर, डिस्पॅच अडकलेलं, मी नुसतं म्हणालो "बघ बाबा, आज माझी इज्जत तुझ्या हातात आहे." त्याने इन्स्पेक्शन शीट भरून दिली. माल गेला. आठवड्याने कस्टमरचा फोन, बोअर (पार्टचं आतलं भोक) ओव्हरसाइज. मग त्यांच्याकडे आमची सहा माणसं बसवून सगळा माल शंभर टक्के सॉर्टिंग, त्याचा खर्च आमच्या नावावर. पोराने मोजलंच नव्हतं, मागच्या शीटवरून आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवले होते. त्याला एक रुपया मिळाला नाही, त्याने ते माझ्यासाठी केलं. मी सांगितलं नव्हतं असं मी तेव्हा म्हणालो, पण खरं तर सांगितलंच होतं.

मोठ्या पातळीवर हेच अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत झालं. तिथे ब्रांचच्या लोकांवर रोजचं टार्गेट, प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठआठ प्रॉडक्ट मारायची, आणि मॅनेजर दिवसातून अनेकदा आकडा विचारणार. लोकांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली, लाखोंनी. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि बँकेने सांगितलं की या प्रकरणात सुमारे ५,३०० कर्मचारी काढले. आता एवढी हजारो माणसं एकाच बँकेत योगायोगाने लबाड निघाली का?

म्हणून, ज्या माणसावर तुमचा जास्त जीव आहे त्याला टार्गेट सांगताना जास्त जपून बोला. "काहीही कर", "कसंही कर", "माझी इज्जत" हे शब्द तोंडातून काढून टाका. त्याऐवजी उघड सांगा: माल नाही गेला तर मी बघून घेईन, पण न मोजता सही करायची नाही. आणि तो "साहेब, होत नाहीये" असं सांगायला आला की चेहरा वाकडा करू नका, त्या एका चेहऱ्यावरून तो पुढच्या वेळी यायचं की नाही ते ठरवतो.

आधीच बिघडलेलं असेल तर

सरळ विचारू नका की कोण करतंय. कोणी सांगणार नाही आणि जो सांगेल तो उद्यापासून लाईनमधून बाद. सीसीटीव्ही वाढवणं, बाथरूमला जायची वही ठेवणं, हे तर अजिबात नको, एकदोघांच्या रागाची शिक्षा सगळ्यांना दिलीत की सगळेच रागावतात, आणि वही ठेवल्यावर लोक नियमात बसेल तेवढा वेळ पूर्ण घेतात, आधी निम्माच घेत होते.

लाईनवरचा जो जुना, कोणाच्याच गोटात नसलेला माणूस असतो, त्याच्याबरोबर चहा घ्या आणि एवढंच विचारा की माझं काही चुकलंय का. एकदा विचारून तो बोलणार नाही. तिसऱ्या चहाला बोलेल. जे ऐकाल ते ऐकून स्वतःची बाजू मांडायला लागू नका, तोंडाशी येतंच, गिळा. मग त्यातली एक गोष्ट, जी तुमच्या हातात आहे आणि डोळ्याला दिसेल अशी, त्या आठवड्यात दुरुस्त करा. बंद पडलेला पंखा, अडलेली रजा, घासलेलं गेज. भाषण नको. दीडदोन महिने लागतात, वहीत आकडा हळूहळू हलतो. नाहीच हलला तर मग कदाचित कारण तुम्ही नाही, पगार असेल, वरचा माणूस असेल, ते तुमच्याच्याने होणार नाही.

इथे नातं मध्ये आणायचं नाही

चोरी पकडली गेली, कोणी नाईटला पिऊन आला, कोणी हात उचलला, तर समजूत वगैरे घालत बसू नका. जे पाहिलं ते त्याच दिवशी लिहा, वेळ, जागा, कोण हजर होतं. कोणाची बॅग स्वतः तपासू नका, ते सिक्युरिटीचं काम. "लिहून दे की मी चोरी केली" असा कागद दमदाटीने घेऊ नका, तो चौकशीत टिकत नाही आणि उलट तुमच्यावर येतो. एचआरला कळवा, मेमो, त्याचं उत्तर, चौकशी, असं जे असेल ते नियमाने होऊ द्या. आणि त्या माणसाशी त्या काळातही अहो जाहोनेच बोला, कारण बाकीची लाईन बघत असते की पकडल्यावर साहेब कसा वागतो.

बाईला त्रास झाल्याची तक्रार आली तर "मिटवून टाकू" हा शब्दसुद्धा नको, तुम्हाला तो माणूस कितीही चांगला माहीत असला तरी. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, समितीला योग्य वाटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. तिला समितीपर्यंत पोचवणं हे तुमचं काम, खरं खोटं ठरवणं तुमचं नाही. आणि तक्रारीनंतर तिलाच नाईटला टाकलंत किंवा दुसऱ्या लाईनला हलवलंत तर काय संदेश गेला ते अख्ख्या प्लँटला कळतं.

दुसरी लाईन मिळाली की

बदली झाली किंवा प्रमोशन मिळालं की आपण मशीनचा हँडओव्हर घेतो, पेंडिंग ऑर्डर, टूल लिस्ट, ब्रेकडाऊन हिस्टरी. माणसांचा हँडओव्हर कोणी घेत नाही. आधीच्या सुपरवायझरला अर्धा तास बसवा आणि विचारा, कोणाला काय शब्द दिलाय? कोणाला परमनंट करतो म्हणालास, कोणाला पहिली शिफ्ट देतो म्हणालास, कोणाशी बोलणं बंद आहे? तो निम्मं विसरलेला असतो, म्हणून तेच लाईनवर जाऊन प्रत्येकाला विचारा, आणि दोन्ही यादी समोरासमोर ठेवा. माझ्या शेवटच्या लाईनला एका पोराला पेंट शॉपमधून काढतो असा शब्द तीन साहेबांनी दिला होता, एकामागून एक, पोराला दम्याचा त्रास. मी चौथा. मी त्याला काही शब्द दिला नाही, एचआरकडे चार चकरा मारल्या, दोन महिने लागले. तोपर्यंत तो माझ्याशी फक्त "हो" आणि "नाही" एवढंच बोलत होता, आणि त्याच्या बूथला थिनर का इतकं लागतं ते मीही त्याला विचारलं नाही.